फुल्यांचं कॅलेंडर

लिस्बनमधल्या आमच्या स्वयंपाकघरात पुण्याहून आणलेलं कॅलेंडर टांगलंय. आज सकाळी पाहिलं, तर हिने त्यावर लाल पेन्सिलीने फुल्या मारल्या होत्या. पुण्यात दूधवाला आला नाही की ती अशीच फुली मारायची, दुधाचा खाडा म्हणून.

इथे दूधवाला नाही. पण माझ्या पेन्शनवर कर कुठल्या देशात भरायचा, हे म्हणे वर्षात आपण कुठे किती दिवस राहिलो यावर ठरतं. नियम बदलणार असंही कानावर येतं, आणि सल्लागार नुसताच 'बघू' म्हणतो. म्हणून आम्ही पुण्यात काढलेल्या दिवसांचे खाडे हिने मांडून ठेवलेत.

आपण नक्की कुठले, हे या वयात कागदावर लिहून द्यायचं. मला तरी कुठे ठाऊक आहे? खिडकीतल्या कुंडीत कढीपत्ता मात्र छान रुजलाय.

चहात आलं किसता किसता ती म्हणाली, "अहो, पुण्यातले दिवस हे इथले खाडे. मग आजचा दिवस तिथला खाडा ना?"

मी पेन्सिल उचलली. तेवढ्यात तिने कप पुढे केला. आलं मस्त उतरलं होतं.

पेन्सिल ठेवून दिली. आज खाडा नाही, एवढं मी कुठल्याही सरकारला लिहून देईन.