मिशीकाकांची अर्धी बैठक

गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहून कात्री चालवता चालवता मिशीकाका हळूहळू खाली जायला लागले. आरशातून आधी त्यांची हनुवटी गेली, मग ती जगप्रसिद्ध मिशी, मग उरले नुसते डोळे.

"अहो, चाललात कुठे?" खुर्चीतला बँकवाला दचकला.

"इथेच आहे. मान हलवू नका."

काका अर्धी बैठक मारत होते. दुकानात दिवसभर उभं राहायचं, मग व्यायाम करायचा कधी? कात्री काय, वरही चालते नि खालीही चालते!

हे सगळं मेहुण्यामुळे. गेल्या वर्षी घरचे सगळे डोंगरावर गेले होते. चढताना काका पुढे. उतरताना गुडघ्याने दगा दिला आणि मेहुण्याने त्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं. तेव्हापासून घरी चार माणसं जमली की हा सुरू: "पोतं परवडलं, पोतं निदान कण्हत तरी नाही!" यंदा स्वतःच्या पायांनी उतरलो नाही तर हे पोतं जन्मभर डोक्यावर बसणार, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

बायकोने त्यांना धरून एका व्यायामवाल्या ताईंकडे नेलं. ताई म्हणाल्या, "मांडीत जोर आला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. भिंतीला पाठ लावून अर्धं बसा. पायरीवरून एकेक पाय सावकाश खाली टेकवा. दुखलं की थांबा, मर्दुमकी नको."

काकांनी भिंतीऐवजी गिऱ्हाईक धरलं, एवढंच. बँकवाल्याचे केस डावीकडे कानाच्या वर, उजवीकडे कानाच्या खाली. "आमचा साहेब विचारेल ना!" तो कळवळला. "सांगा, नवीन फॅशन आहे," काका म्हणाले आणि पुन्हा खाली गेले.

डोंगराचा दिवस आला. उतरताना काकांनी हातात काठी घेतली, पावलं बारीक टाकली, मोठ्या दगडावरून तिरके होऊन उतरले. मांड्या लटलटत होत्या, पण गुडघा गप्प. पायथ्याशी पोचल्यावर मिशीला पीळ देत ओरडले, "काय मेहुणे, आज पोतं कुठंय?"

मेहुणा सगळ्यात शेवटी आला. दगडावर टेकला आणि म्हणाला, "भाऊजी, जिंकलात." मग बूट काढून खडे झटकायला लागला. टोमणा आला नाही म्हणून काकांना जरा चुकल्यासारखंच झालं.

पुढे बऱ्याच दिवसांनी बायकोच्या तोंडून निसटलं. त्या ताईंचा पत्ता मेहुण्यानेच दिला होता. तो त्यांचा जुना पेशंट, विजारीच्या आत गुडघ्याला पट्टा बांधून फिरणारा. काकांना पाठीवर घेऊन डोंगर उतरला, त्या दिवसापासून.