खर्ज्याचा आवाज कुठं जातो?

"तो असला काय नि नसला काय, फरक काय पडतो ते मला सांग!"

"तुम्ही एकदा ड्रमवर बसा, मास्तर, मग कळेल फरक!"

हे भांडण फार जुनं, पण ताईला ते शब्दन् शब्द आठवायचं. बँडमास्तर आणि ड्रमवाला हॉलच्या मागच्या खोलीत एकमेकांवर धावून जात होते, आणि ताई तिथंच कोटांच्या दांडीमागे बसून उसवलेलं अस्तर लावत होती. तोंडात चार टाचण्या. त्यामुळे बोलायचं म्हटलं तरी सोय नव्हती.

ज्याच्यावरून भांडण चाललं होतं, तो तिचा धाकटा भाऊ. बेस गिटार वाजवायचा. चार जाड तारा, आणि आवाज असा खोल की खर्जाच्याही खाली उतरायचा. म्हणून बँडमध्ये सगळे त्याला खर्ज्या म्हणायचे आणि गल्लीतली पोरं खर्जकाका. दर शनिवारी संध्याकाळी त्या हॉलमध्ये लोक नाचायला येत, आणि हा सहा जणांचा बँड तीन तास वाजवत बसे. ताई त्यांचे कोट शिवायची, बटणं लावायची, डाग काढायची. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहत होती. त्याचं लग्न झालं नव्हतं. कुणी विचारलं की तो म्हणायचा, "माझं चारचौघींशी झालंय," आणि तारांवरून बोट फिरवायचा.

"तीन शनिवार देतो," मास्तर म्हणाले. "ऐकू आला तर राहील. नाही तर कीबोर्डवाल्याचा डावा हात रिकामाच असतो, तो खालचे सूर वाजवेल."

ड्रमवाला दार आपटून गेला. ताईने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. तिला काही उमगेना. तीन तास घाम गाळून वाजवणारा माणूस ऐकू येत नाही म्हणजे काय? मग तो आवाज जातो कुठं?

घरी आल्यावर तिने भावाला सगळं सांगितलं नाही. डावा हात वगळला. एवढंच म्हणाली, "अरे, मास्तर म्हणतात, तू ऐकू येत नाहीस. तीन शनिवार बघणार म्हणे."

त्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. बँड गेला असता तरी पोटाला काही कमी पडलं नसतं. दिवसा तो चष्म्याच्या दुकानात होता. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, आणि डोळे तपासायला आलेल्या माणसासमोर एकेक भिंग धरून विचारायचं, "आता बरं दिसतं की मघाचं?" पण आठवड्याचे सहा दिवस तो शनिवारवरच काढायचा, हे ताईला ठाऊक होतं. शनिवार गेला तर या माणसाच्या हातात मंगळवारही राहणार नव्हता.

दुसऱ्याच दिवशी तो वाद्यांच्या दुकानात गेला आणि ताईलाही घेऊन गेला. "दोन कान जास्त असलेले बरे," म्हणाला.

दुकानदाराने काचेखालून लोखंडी डब्या काढायला सुरुवात केली. साबणाच्या वडीएवढ्या, रंगीत, प्रत्येकीवर दोन-तीन बटणं आणि पायाने दाबायचा एक खटका. यांना पेडल म्हणतात. गिटारची वायर एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, मध्ये काय होतं ते त्या डबीलाच माहीत.

"कसा आवाज हवाय?" दुकानदार म्हणाला.

"ऐकू येणारा," भाऊ म्हणाला.

"तसं नाही हो. गरम हवा की स्वच्छ?"

ताई म्हणाली, "गरम म्हणजे? दूध आहे का ते?"

दुकानदार हसला, पण सांगता त्यालाही आलं नाही. त्याने एक डबी दाखवली, ती म्हणे मोठा आवाज दाबते आणि लहान आवाज उचलते. दुसरी आवाज फाडते. "मुद्दाम?" ताईने विचारलं. "मुद्दाम," दुकानदार म्हणाला. "लोक खास त्याच्यासाठी येतात." तिसरी एका माणसाचे चार केल्यासारखा आवाज काढायची. चौथी होता त्याहून खालचा सूर त्यात मिसळायची. आणि मग त्याने दोन्ही हातांनी एक मोठी डबी आणली. हा प्रीॲम्प. यात जाड, मधला आणि बारीक अशा तीन आवाजांची तीन बटणं, शिवाय मूळ आवाज किती आणि बदललेला किती हे ठरवणारं चौथं. गिटारचा आवाज हॉलच्या मोठ्या स्पीकरकडे जाण्याआधी इथं न्हाऊनमाखून जातो, असं काहीसं त्याने सांगितलं.

भावाने प्रीॲम्प घेतला. आवाज दाबणारी घेतली, फाडणारीही घेतली. चार दिवसांनी आणखी दोन आल्या. जुन्या कपाटाचं एक दार काढून त्याने त्यावर त्या ओळीने चिकटवल्या, आणि घरात नवाच घोळ सुरू झाला: आधी कुठली आणि मग कुठली? दाबणारी फाडणारीच्या पुढे ठेवली तर एक आवाज, मागे ठेवली तर दुसरा. पाच डब्या. किती तऱ्हांनी लावता येतील हे तो वहीत मांडायला बसला आणि शंभराच्या पुढे गेल्यावर वही मिटली.

रोज चष्म्याच्या दुकानातून आला की चहा घेऊन बसायचा. भिंतीला पाठ, समोर डब्या, आणि बाजूला ताई काजं करत.

"ताई, आता बरं की मघाचं?"

"मघाचं."

"आणि आता?"

"आताचं."

"अगं, मी काहीच फिरवलं नव्हतं!"

"मग तू विचारलंस कशाला?"

एकदा तो खरंच चिडला. "तुला एका शब्दाने सांगता येत नाही?"

"मला एका शब्दाने चहा पाहिजे का ते सांगता येतं," ताई म्हणाली. "हे तुझं भुंग्यासारखं गुणगुणणं डावं बरं की उजवं, ते मी कसं सांगू? दोन्ही भुंगेच."

तरी हळूहळू एक आवाज त्याला सापडला. जाड आवाजाचं बटण वर, बारीकही थोडं वर, आणि मधलं पार बंद. तसं केलं की खोलीत जणू मऊ गादी अंथरल्यासारखं व्हायचं. खिडकीची काच थरथरायची, कपाटातल्या वाट्या किणकिणायच्या. ताईच्याही पोटात गोड वाटायचं. "हा," ती म्हणाली. "हाच ठेव." त्याने बटणांच्या खुणांवर नेलपॉलिशचे ठिपके लावले, म्हणजे हलायला नकोत.

पहिल्या शनिवारी मास्तर स्टेजच्या कडेला खुर्ची टाकून बसले. नुसते कान कोरत राहिले.

दुसऱ्या शनिवारी जे झालं, ते ताई पुढेही कितीतरी वर्षं विसरली नाही. ती पडद्याच्या कडेला सुईदोरा घेऊन उभी होती. लोक रंगात येऊन नाचत होते. तिसरं गाणं संपलं, चौथं सुरू झालं, आणि अर्ध्या गाण्यात भावाने एकदम खाली बघितलं. मग तो वाकला, आणि एका डबीचा दिवा विझलेला ताईलाही दिसला. आतला सेल संपला होता. या डब्यांची खोड अशी की वायर खुपसलेली राहिली तर त्या गुपचूप सेल खातात, आणि हा आदल्या रात्री वायर काढायला विसरला होता. सेल संपला की ती डबी पुढे काहीच जाऊ देत नाही.

म्हणजे किती वेळ कोण जाणे, तो नुसता बोटं हलवत होता.

आणि कुणालाही कळलं नव्हतं. नाचणाऱ्यांना नाही, मास्तरांना नाही, आणि जो त्याच्यासाठी भांडला होता त्या ड्रमवाल्यालाही नाही. तारा बोटांखाली थरथरत होत्या म्हणून खुद्द त्यालाही नाही. ताई तर पाच हातांवर उभी होती.

घरी येताना त्याने गिटार या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "मास्तर खोटं नाही बोलले."

"अरे, सेल गेला होता."

"सेल गेला होता हे कुणाला कळलं नाही, तेच म्हणतोय मी."

 घरात वाट्या वाजवणारा आवाज हॉलमध्ये जाऊन मरतो कसा? तिने डब्यांकडे बघितलं, जणू त्यांतली एखादी चोर असावी. तिने मनोमन फाडणारीवर संशय घेतला. ती लाल होती.

गुरुवारी तालीम होती. मास्तरांना यायला उशीर होणार होता. ताई कोटांचं गाठोडं घेऊन सगळ्यात मागच्या रांगेत बसली, कारण तिथं खिडकीचा उजेड चांगला होता. सुईत दोरा ओवताना तिला गंमत कळली. भाऊ एकटा वाजवत होता तेव्हा सगळं छान ऐकू येत होतं. ड्रम सुरू झाला, तो अर्धा गेला. गिटार आणि कीबोर्ड आले, तो उरलाच नाही. साखर पाण्यात जावी तसा.

"ताई!" तो स्टेजवरून ओरडला. "आता बरं की मघाचं?"

बाकीचे खो-खो हसले. ताई मात्र हसली नाही.

"एकटा असलास की बरा आहेस," ती मागून ओरडली. "हे सगळे वाजवायला लागले की तू नसतोसच."

हसणं थांबलं. ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. "मग एकट्याने फिरवतो कशाला बटणं?" तो म्हणाला. "आम्ही वाजवतो. तू फिरव. ताई, तो ऐकू आला की तुम्ही हात वर करा."

ते वाजवू लागले. भावाने फाडणारी चालू केली. ताईचा हात खालीच. उलट जे थोडं पोटात जाणवत होतं, तेही गेलं. त्याने ती बंद केली. जाड आवाजाचं बटण आणखी वर नेलं. खुर्ची हलली, पण सूर काही कळेना. ताईने मान हलवली. त्याने एकेक डबी बंद केली. शेवटी प्रीॲम्पचं ते मधलं बटण उरलं, घरी पार बंद करून ज्याच्यावर ठिपका लावला होता ते. त्याने ते वैतागून उलट्या बाजूला फिरवलं.

ताईचा हात वर गेला. तिने तो मुद्दाम नेला नव्हता. अचानक तिला भाऊ सापडला होता, गर्दीत ओळखीचा सदरा दिसावा तसा.

त्याने बाकीच्यांना थांबवलं आणि तोच आवाज एकट्याने वाजवून बघितला. सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. सर्दी झालेला माणूस रांजणात तोंड घालून बोलावा, तसा नाकातला, घोगरा आवाज.

"हा?" तो म्हणाला. "ताई, हा तर घाणेरडा आहे!"

"आहेच."

"मग हात कशाला वर केलास?"

"ऐकू आलास म्हणून. बरा वाटलास म्हणून नाही."

तो परत परत तपासत बसला. सगळ्यांबरोबर वाजवलं की हात वर. एकट्याने वाजवलं की कान झाकावेत. त्याला पटेना, ताईला समजेना, आणि कीबोर्डवाला म्हणाला, "घरी जाऊ या का? माझं तर डोकंच फिरलं."

शनिवारी स्टेजवर जाण्याआधी तो मागच्या खोलीत डब्यांसमोर उकिडवा बसून राहिला. बोटाखाली ते मधलं बटण. ठिपक्याकडे नेलं की त्याचा लाडका आवाज. उलट बाजूला नेलं की ताईचा हात वर.

"माझे कान म्हणतात बंद कर," तो म्हणाला.

"तुझ्या कानांनी कुठं नाचायचंय?" ताई म्हणाली. कोटाचं शेवटचं बटण तिने दाताने दोरा तोडून पुरं केलं आणि कोट त्याच्या पुढे धरला. त्याने हात घातले. डबीचं मधलं बटण ठिपक्यापासून लांबच राहिलं. बाकीच्या डब्यांपैकी त्याने एकच बरोबर घेतली, ती दाबणारी, आणि तिच्यात नवा सेल घातला.

त्या संध्याकाळी तो चेहरा आंबट करून वाजवत होता, कारण जवळच्या स्पीकरमधून त्याला स्वतःचा तो सर्दी झालेला आवाज ऐकू येत होता. पण कीबोर्डवाल्याचा डावा हात शेवटपर्यंत मांडीवर होता. मध्यंतरात मास्तर आले, खर्ज्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि म्हणाले, "आज काय रे, गिटार नवी आणलीस?"

"नाही, मास्तर."

"मग कोट नवा आहे?"

"जुनाच आहे."

"काहीतरी आहे," मास्तर म्हणाले, आणि चहा घ्यायला गेले. तो विषय पुन्हा निघाला नाही. खर्ज्या त्या बँडमध्ये आणखी सव्वीस वर्षं वाजवत राहिला. मास्तर गेले, ड्रमवाला थकला, हॉलला नवा रंग लागला. आवाज का ऐकू आला, हे त्यालाही धड सांगता यायचं नाही. कुणी म्हणालं मधल्या सुरांची जागा इतर वाद्यांनी खाल्लेली असते, कुणी म्हणालं तसं नाही. तो दोघांपुढेही मान डोलवायचा.

पुढे पुढे दुसऱ्या बँडांतले बेसवाले त्याच्याकडे यायला लागले. कुठला प्रीॲम्प घेऊ, कुठलं पेडल आधी लावू. तो सल्ला द्यायचा नाही. "तुझा सगळा बँड घेऊन वाद्यांच्या दुकानात ये," एवढंच सांगायचा.

असा तो दुकानात शेवटचा गेला, तो एका बाईसाठी. ती दिवसा प्रयोगशाळेत रक्त तपासायची आणि रविवारी बेस वाजवायची. नेहमीसारखाच तो सकाळी दहाला निघाला, चष्मा सदऱ्याला पुसत. दुकानात तिच्या बँडने तीन प्रीॲम्प वाजवून बघितले, आणि हा आत थांबलाच नाही. दार उघडं ठेवून फुटपाथच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. जाणारे-येणारे बघत होते. एकाने विचारलं, "काका, काही हरवलंय का?" त्याने बोट ओठांवर ठेवलं. तिसऱ्या डबीला त्याने रस्त्यापलीकडून हात वर केला.

येताना पाव आणला. ताईने दार उघडलं, तेव्हा तिला कोट काढून देत तो खुर्चीत बसला.

"कुठला घेतला तिने?"

"करडा. तीन बटणांचा."

"चांगला आहे?"

"तिला मुळीच आवडला नाही," तो म्हणाला, आणि बुटाची नाडी सोडायला वाकला.