रहस्याचा वैरी

कुणाचा जीव टांगणीला लागलेला माझ्या मावसभावाला बघवत नाही, आणि या एका सद्गुणापायी त्याने जितकी माणसं छळली तितकी एखाद्या खाष्ट सासूनेही छळली नसतील. थेटरात शेजारचा माणूस श्वास रोखून बसला, की हा त्याच्या कानाला लागायचा, "पावणं, निवांत शेंगा खावा. खून डाक्टरनं केलाय." फोनवर 'हॅलो'च्या आधी "काय झालेलं न्हाय" म्हणायचा, त्यामुळे ऐकणारा आधी मटकन खाली बसायचा. माझ्या थोरल्या भावासाठी मुलगी बघायला गेलो, तर आम्ही चपला काढेपर्यंत हा आत पोचला होता. मुलीच्या आईच्या कपाळावरचा घाम त्याला बघवेना. "मावशी, घोर करू नगा, मुलगी पसंत हाय," असं त्याने सांगून टाकलं. दादाने अजून मुलीचं नखही पाहिलेलं नव्हतं! पुढे संसार सुखाचा झाला, हे दादाचं नशीब.

अशा माणसाने सिनेमाचं संकलन शिकायचं म्हणावं, यापरता विनोद नाही. दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात आमच्या कॉलेजात चित्रपटाचा एक नवा वर्ग निघाला होता आणि आम्ही दोघं त्यात शिरलो होतो. त्याचे वडील, आबा, कागलला घरच्या म्हशी सांभाळून दूध संकलन केंद्र चालवायचे. एकुलत्या पोराने तेच पुढे चालवावं, ही त्यांची साधी अपेक्षा. पोराला मात्र पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला जायचं होतं. आबा मोजकं बोलणारे. ते एवढंच म्हणाले, "तू काय करतोस ते एकदा बघू दे. मग ठरवू." नेमकं त्याच वेळी आम्हाला वर्गात काम मिळालं, एका थरारपटाची फक्त सुरुवात करून दाखवायची. म्हणजे भावाचं पुणं त्या चार-दोन मिनिटांवर ठरणार होतं, आणि विषय होता रहस्य.

आमची दिग्दर्शिका कबनूरची. लहानपणापासून यंत्रमागाच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे तिची कुजबुजसुद्धा गल्लीला ऐकू जायची. तिची कल्पना सोपी होती: बाई कोपऱ्यावरून भाजी घेऊन येते, नुसतं लोटलेलं दार ढकलते, आणि आत खुनी! खुनी झाला होता बिद्रीचा आमचा एक दांडगा मित्र. तो घरात शिरतो तो तुकडा आधी चित्रित करायचा होता. कॅमेरा माझ्याकडे होता. गडी मिशीला पीळ देत फाटकातून आला, दारापाशी थांबला, पायातलं पायताण काढलं, भिंतीकडेला नीट जोडीनं लावलं आणि मग खून करायला आत गेला.

"खून कराय आलाईस का सत्यनारायणाला?" दिग्दर्शिका कडाडली.

"दुसऱ्याच्या घरात पायताण घालून कसं जायचं?" खुनी ओशाळून म्हणाला.

परत घेतलं, तर पायताण घालून उंबरा ओलांडताना त्याचा चेहरा असा पडला, की त्याचाच कुणीतरी खून केलाय असं वाटावं. शेवटी दिग्दर्शिकेने तो सगळाच तुकडा रद्द केला आणि खुनी एकदम शेवटी दाखवायचं ठरवलं. गडी आत लपायला गेला तोही पायताण पुन्हा दाराशी काढूनच.

राजारामपुरीत लग्नाच्या कॅसेटी जोडणाऱ्या एका स्टुडिओत आम्हाला दुपारचा कॉम्प्युटर मिळायचा. भाऊ त्याच्यासमोर बसला आणि आठवडाभर कुणाला फिरकू दिलं नाही. त्याने जोडलेलं आम्ही पाहिलं, तेव्हा सुरुवातीलाच पायताण काढून आत जाणारा खुनी! दिग्दर्शिकेने डोक्याला हात लावला. "सगळं आधीच सांगून टाकलंस की रं!"

"लोकास्नी सांगावं," भाऊ शांतपणे म्हणाला. "बाईला सांगू नये. लोकास्नी ठावंच नसंल, तर लोकं बाईसाठी भिणार कशाला?"

मग पुढचं सुरू झालं. बाई फाटकाशी येते, शेजारणीशी वांग्याच्या भावावर बोलत उभी राहते. मध्येच ते पायताण. बाई दोन पावलं येते, काहीतरी विसरल्यासारखी मागे फिरते. पुन्हा पायताण. मग ती दाराशी येते आणि बोलत बोलतच, खाली न बघता, आपली चप्पल त्या पायताणाच्या शेजारी काढते. हात दाराला लागतो आणि पडदा काळा. आम्ही वाया गेलेले म्हणून टाकलेले तुकडे त्याने असे काही पुरवून वापरले होते, की मी सरकत सरकत खुर्चीच्या कडेवर आलो. ते सगळं मीच टिपलेलं होतं, तरीही!

कॉलेजच्या सभागृहात दाखवलं त्या दिवशी आबा टोपी घालून दुसऱ्या रांगेत बसले होते. पायताण जोडीनं लावल्यावर लोक हसले. बाई शेजारणीशी बोलायला लागली तसं हसू विरलं. तिने चप्पल काढली आणि आबा ताडकन उभे राहून ओरडले, "अगं पोरी, खाली बघ की!" टाळ्या पडल्या. पण आबा त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. आम्ही तिघे एसटीने कागलला निघालो. आबा खिडकीबाहेर बघत होते आणि भाऊ आबांकडे. दुसऱ्याला क्षणभर ताटकळू न देणाऱ्या त्या माणसाचं पांढरं पडलेलं तोंड मला बघवत नव्हतं.

कागलच्या स्टँडवर उतरल्यावर आबा थांबले. "ती बाई वाचली काय रं?"

"एवढंच केलंय, आबा. म्होरलं न्हाय."

"म्होरलं कवा?"

"शिकून आल्यावर."

"मग जा की," आबा म्हणाले आणि म्हशींच्या धारेची वेळ झाली म्हणून झपाझप पुढे निघाले. भाऊ स्टँडवरच रडला, अगदी हुंदके देऊन. मीही रडलो.

तो पुण्याला गेला, तिथून मुंबईला. हल्ली मालिका जोडतो. म्होरलं काही कधी झालं नाही. पण तो गावी आला, की आबा गोठ्यातून हात पुसत येत आणि पहिलं विचारत, "बाईचं काय झालं रं?" हा म्हणे, "बघू की आबा." वर्षानुवर्षं हेच. मागच्या वर्षी आबा गेले. दिवसकार्य झाल्यावर मी त्याच्यावर चिडलोच. "अख्ख्या जगाला सगळं सांगत फिरलास. त्या म्हाताऱ्याला तेवढं सांगायला तुझं काय जात होतं?"

तो रिकाम्या गोठ्याकडे बघत म्हणाला, "लहानपणापासनं आबा माझ्याशी 'जेवलास काय' यापल्याड बोललं न्हाईत. सांगून टाकलं असतं, तर फुडच्या खेपेला त्यांनी मला काय इचारलं असतं?"