विमलबाईंची शेगडी

विजेच्या शेगडीतली तापणारी तार तुटली की विमलबाई बाजारात जात नसत. प्लग काढायचा, जळका तुकडा फेकायचा, उरलेली टोकं ओढून एकमेकांत पिळायची. तार दर वेळी आखूड होई आणि शेगडी जास्तच लाल. "म्हातारी झाली तरी लई गुणाची हाय," असं त्या शेगडीला म्हणत आणि बघत सुनेकडं.

सुकन्या नेकनूरजवळच्या या घरात आली तेव्हा तिचा बी.एस्सी.चा एकच पेपर राहिला होता, भौतिकशास्त्राचा. एकदा लग्नामुळं हुकला, एकदा सासऱ्यांना, आप्पांना, अर्धांगवायू झाला म्हणून. आता सोमवारी बीडला शेवटची संधी. नवरा रामेश्वर तेलगावकडं उसाच्या ट्रॅक्टरवर. आप्पा पत्र्याच्या खोलीत खाटेवर, आणि शेगडीही तिथंच. तिची वायर आप्पांच्या डोक्यावरून लाकडी आढ्याला धरून गेलेली, दिवा-पंख्यापुरती, बारीक.

गेल्या आठवड्यात तार तिसऱ्यांदा पिळली गेली, तेव्हा सुकन्यानं बाकी सगळं बंद करून मीटरवरचे आकडे पाहिले. एकशे साठ व्होल्ट, दहा अँपिअर. भागाकार केला, तारेचा रोध सोळा ओहम. गुणाकार केला, सोळाशे वॉट. त्यात भ्यायचं काही नव्हतं. भीती सोमवारची होती. सध्या शेतीची लाईट दिवसा, सगळ्या विहिरींवर पंप चालू, म्हणून व्होल्टेज पडलेलं. सोमवारपासून ती रात्रीची होणार, मग दिवसा गावात पुरे दोनशे चाळीस. तार तीच, सोळाची. म्हणजे पंधरा अँपिअर, छत्तीसशे वॉट. व्होल्टेज दीडपट आणि ताप सव्वादोनपट.

"आत्या, सोमवारी शेगडी लावू नका. वायर पेटंल."

"कावून? आजवर पेटली का?"

"आज लाईट कमी हाय. सोमवारी वाढणार."

"मग पाणी बिगीनं तापंल की! बरंच झालं."

"निदान नवी तार तरी बसवू."

"बसवलती तुझ्या नवऱ्यानं. तासभर पाणी कोमटच."

तेही खोटं नव्हतं. एकशे साठवर नवी, पूर्ण लांबीची तार ठरलेल्या तापाच्या निम्मासुद्धा देत नव्हती. गणित सासूच्याही बाजूनं बोलत होतं, याचाच सुकन्याला जास्त राग आला.

तिनं रामेश्वरला फोन लावला. तो म्हणाला, "सीझन संपू दे, वायर बदलू. तवर तू हायेस की घरी."

तू हायेस की घरी. रविवारी भाकरी थापताना ती तेच ऐकत राहिली. घरी राहिली, तर बटणापाशी उभी राहील. गेली, तर कोण? आप्पांना खाट सोडवत नव्हती. तिला आप्पांना सोडवत नव्हतं.

सोमवारी तिनं अंगणातली चूल पेटवली, आप्पांची आंघोळ उरकली. दुपारी त्यांचे पाय शेकायला पुन्हा पाणी लागणार, म्हणून भरला हंडा निखाऱ्यावर ठेवला. विमलबाई गोठ्यात होत्या. सुकन्यानं प्लग काढला, खाचेतून तार उचकटली, कागदात गुंडाळून पिशवीत टाकली. आप्पा बघत होते. त्यांचं तोंड एका बाजूनं हललं. "ज... जा."

परीक्षा केंद्राच्या फाटकापाशी फोन वाजला.

"तार कुठाय गं?"

"माझ्यापाशी हाय, आत्या."

"अगं चोरटे! कालवडीगत बांधून घालाया पायजे तुला."

"हंडा चुलीवर हाय. त्यानं आप्पांचे पाय शेका."

"तू ये घरी, मग बघते."

"येतेच की," सुकन्या म्हणाली. दुसरीकडं कुठं जाणार होती? तिनं फोन बंद केला, पिशवी हॉलबाहेर इतरांच्या पिशव्यांच्या ढिगात ठेवली आणि आत जाऊन बसली.