मास्तरांच्या अक्षरावरची काळी रेघ

मंडळी, आज सकाळी जामखेडच्या आमच्या घरी शेजारच्या कमलमावशी आल्या. त्यांचे यजमान, आमचे मास्तर, गेल्या वर्षी वारले. त्यांनी लिहिलेल्या आठवणींच्या प्रती मावशींना दोन्ही मुलींसाठी हव्या होत्या.

घरच्या प्रिंटरच्या फीडरमध्ये, म्हणजे कागद आपोआप ओढणाऱ्या वरच्या कप्प्यात, मास्तरांनी लिहिलेले कागद लावले, तर प्रत्येक प्रतीवर उभी काळी रेघ.

"ह्यांच्या लिहिण्यावर कुणी काट मारल्यागत दिसतंय," मावशी हळूच म्हणाल्या.

झाकण उघडून प्रिंटरची मोठी काच पुसली, पण रेघ तशीच. मग लक्षात आलं, फीडरमधले कागद बाजूच्या अरुंद काचपट्टीवरून सरकतात. तिथे व्हाइटनरचा वाळका ठिपका होता. ओलसर फडक्याने काढला आणि पुढची प्रत स्वच्छ आली.

मावशी ती उभ्यानंच वाचू लागल्या. "हे गेल्यापास्नं मी वाचलंच न्हवतं."

तुमच्या घरात कुणाचं अक्षर असं न वाचता ठेवलेलं आहे का?