अनुसयेचे तणावे

माझे वडील, ज्ञानोबा भोईटे, तार खात्यात लाइन इन्स्पेक्टर होते. फलटणहून बदली होऊन १९५३ साली जयपूरला आले, ते इथलेच झाले. सांगानेरकडे जाणारी लाइन त्यांच्याकडे होती. खांबाला कान लावून ते सांगायचे, “पुढच्या मैलात एक तार ढिली हाय.” आणि ती असायची.

ढिलेपणा त्यांना सहनच होत नसे. आमच्या अंगणातली कपड्यांची दोरी इतकी ताणलेली की ओलं लुगडं टाकलं तर ते उडी मारून खाली यायचं. खाटा ते स्वतः विणायचे. एकदा सोलापूरचे पाहुणे आले, झोपले, आणि सकाळी म्हणाले, “रात्रभर ढोलकीवर निजल्यासारखं वाटलं.” बाबांना ती स्तुती वाटली. सगळं जयपूर संक्रांतीला गच्चीवर चढून पतंग उडवायचं आणि आमचे बाबा दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन तारांवरचे पतंग उतरवायचे. त्या आठवड्यात त्यांच्याशी कोणी बोलत नसे.

१९६० च्या गणपतीत आमच्या मराठी मंडळाचा मांडव बाबांनी बांधला. तिसऱ्या दिवशी वादळी पाऊस आला. शेजारच्या मैदानातला लग्नाचा शामियाना पार रस्त्यापलीकडे जाऊन पडला, आमचा मांडव हललासुद्धा नाही. आरतीला मेजर आनंदराव खानविलकर आले होते. छावणीत नुकतेच बदलून आलेले, मिशीवाले, हौशी गृहस्थ. ते आरती सोडून मांडवाचे दोर बोटांनी वाजवत फिरले आणि म्हणाले, “हे कोणी बांधलं? तो माणूस मला हवाय.”

मेजरसाहेबांकडे एक शिडाची नाव होती. वीस फुटांची, मधे एक इवलीशी केबिन, दोन माणसं पाय मुडपून झोपतील एवढी. मुंबईहून मालगाडीनं आणून त्यांनी ती रामगढच्या तलावात सोडली होती. स्वतःच्या आईच्या नावावरून त्यांनी तिचं नाव ठेवलं होतं ‘अनुसया’. शीड कसं धरायचं ते त्यांना येत होतं, पण डोलकाठी उभी ठेवणाऱ्या तारा मुंबईत दुसरंच कोणी बांधून द्यायचं. इथं त्यांनी स्वतः बांधल्या, तर वारा आला की काठी दारुड्यासारखी झुलायची.

“ज्ञानोबाराव, तारांचं काम आहे,” ते म्हणाले. “तुमच्याच खात्यातलं समजा.”

“खांब किती उंच?” बाबांनी विचारलं.

“पंचवीस फूट.”

“मग हाय काय त्यात!” बाबा म्हणाले. त्यांनी तोवर विहिरीपेक्षा मोठं पाणी फार पाहिलं नव्हतं, आणि पोहता तर मुळीच येत नव्हतं.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी मेजरसाहेबांची जीप आली. आई म्हणाली, “एकट्याला पाण्यावर सोडायची नाही मी.” म्हणून ती निघाली, डबा घेऊन. मी तेव्हा कॉलेजात होते. बाबा बुडताना पाहण्याची संधी मीही सोडणार नव्हते.

अनुसया काठाशी गुडघाभर पाण्यात बांधलेली होती. ऊन चढलं होतं. आईनं नाव आतून-बाहेरून पाहिली, “हे तर आपल्या न्हाणीएवढं,” असं म्हणून डबा घेऊन केबिनमध्ये शिरली आणि माश्या नकोत म्हणून दार लावून घेतलं. दार अगदी हलकं लागलं, ते मला आठवतं.

बाबांनी आधी ओळंबा सोडून काठी सरळ केली. मग कामाला लागले. काठीच्या टोकापासून चार तारा खाली येत होत्या: एक पुढं, एक मागं, दोन बाजूंना. बाबा त्यांना तणावे म्हणायचे, तंबूचे असतात तसे. प्रत्येकाच्या खालच्या टोकाला एक टर्नबकल होतं, ते फिरवलं की तार आवळली जायची. बाबांचा चेहरा उजळला. हे यंत्र तर रोजचंच! त्यांनी पान्हा अडकवला आणि चारी बाजूंनी पिळायला सुरुवात केली. थोडं इकडे, थोडं तिकडे, पुन्हा ओळंबा, पुन्हा पीळ. तारा गुणगुणायला लागल्या.

“बस झालं ना?” मेजरसाहेब म्हणाले.

“आणखी चार फेरे बसतील.”

चार बसले. मग नावेच्या पोटातून ‘कर्रर्र’ असा आवाज आला, म्हातारा माणूस पाटावरून उठताना येतो तसा.

“लाकूड बसतंय जागेवर,” बाबा म्हणाले.

तेवढ्यात केबिनमधून आईचा आवाज आला. “अहो, ह्ये दार उघडंना.”

“बाहेर ढकल की.”

“ढकलतीय! भिंतीला ढकलल्यावानी होतंय.”

मेजरसाहेबांनी बाहेरून ओढलं, बाबांनी ओढलं, मीही ओढलं. दार चौकटीत असं रुतलं होतं की जणू सुतारानं ठोकूनच बसवलंय. मेजरसाहेब खाली वाकले, दाराच्या वरच्या फटीकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले, “ज्ञानोबाराव, तुम्ही नाव वाकवलीत.”

“मी?”

“तुमचा खांब जमिनीत पुरलेला असतो. जमीन वाकत नाही. इथं काठी नावेला मधोमध खाली दाबतेय आणि तुमच्या तारा तिची दोन्ही टोकं वर ओढतायत. चौकट तिरकी झाली. वहिनी अडकल्या.”

बाबा खालीच बसले. जयपूरच्या सात वर्षांत खात्यात कुणी त्यांची चूक काढली नव्हती, आणि आता काढली ती एका दारानं, आणि दारामागं आई होती.

“किती येळ लागंल?” आतून विचारणा झाली.

“हे बघ, आता ढिलं करतो,” बाबा म्हणाले. ‘ढिलं करतो’ असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

केबिनला तळहाताएवढी एक खिडकी होती. तिच्यातून एक हात बाहेर आला. हातात बाजरीची भाकरी, वर ठेचा. “मेजरसाहेब, तुम्ही जेवून घ्या. सुमन, ही तुझी. ह्यांना नंतर.”

मग सुरू झालं. बाबा एका बाजूचं टर्नबकल अर्धा फेरा सोडायचे, मग दुसऱ्या बाजूचं तेवढंच, मग पुढचं, मग मागचं. दर खेपेला विचारायचे, “बघ बरं?” आई आतून दार ढकलायची. “न्हाई.” पुन्हा अर्धा फेरा. “बघ?” “जरा कुरकुरलं.” पुन्हा. मेजरसाहेब दोन भाकऱ्या खाऊन तिसरीकडे वळले होते. शेवटी आतून आवाज आला, “एका बोटानं उघडलं!” आणि आई घामाघूम होऊन बाहेर आली, रिकामा डबा बाबांच्या हातात दिला, आणि पदरानं वारा घेत बसली.

बाबा तारा चाचपत होते. “ह्या तर लोंबतायत, मेजरसाहेब. मला पटत नाही.”

“मग चला. शीड लावून बघू.”

बाबांना नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. मेजरसाहेबांनी शिडाचा दोर धरला, सुकाणू आईच्या हातात दिलं, कारण मी अजून भाकरी खात होते आणि तीच एकटी मोकळी होती, आणि अनुसया पाण्यावर निघाली. वाऱ्यानं नाव एका अंगावर कलली. बाबांनी काठीला मिठी मारली आणि डोळे मिटले.

“डोळे उघडा,” मेजरसाहेब ओरडले. “वाऱ्याच्या बाजूची तार बघा, कशी ताठ आहे. आता दुसरीकडची बघा.”

बाबांनी एक डोळा उघडला. पलीकडची तार फडफडत होती. मग दुसरा डोळाही उघडला. ढिली तार समोर असताना बाबा घाबरलेले राहूच शकत नव्हते. त्यांनी एका हातानं काठी धरली, दुसऱ्या हातानं ती फडफडणारी तार अर्धा फेरा आवळली. “वळवा!” ते म्हणाले. नाव वळली, शीड दुसऱ्या अंगाला गेलं, आता दुसरी तार फडफडायला लागली. तिलाही अर्धा फेरा. “वळवा!” असे आम्ही सहा वेळा वळलो. शेवटच्या खेपेला वाऱ्याआडची तार फडफडली नाही, नुसती मऊ पडली, बोटानं दाबली तर जराशी आत जाणारी.

“हां,” बाबा म्हणाले. “हितं थांबायचं.”

मग त्यांच्या लक्षात आलं की आपण तलावाच्या मधोमध उभे आहोत, आणि ते झटकन खाली बसले.

“मालन, काठाला घे.”

“थांबा हो,” आई म्हणाली. तिनं सुकाणू दोन्ही हातांनी धरलं होतं आणि पदर कमरेला खोचला होता. “आत्ता कुठं मला जमायला लागलंय.” तिनं आम्हाला आणखी एक तास फिरवलं. बाबांनी त्या तासात डब्याचे तळ चाटूनपुसून साफ केले.

पुढची पाच वर्षं दर महिन्याला जीप यायची. आई सुकाणूवर, बाबा तारांवर. केबिनमध्ये बसायला मात्र आमच्यातलं कोणी तयार नसायचं.

१९६५ च्या अखेरीस मेजरसाहेबांची मुंबईला बदली झाली, अनुसयाही मालगाडीनं परत निघाली. बाबांनी डोलकाठी उतरवून दिली आणि प्रत्येक टर्नबकलला एक चिठ्ठी बांधली, किती फेरे बसवायचे ते लिहून. दोन महिन्यांनी मेजरसाहेबांचं कार्ड आलं: चिठ्ठ्यांवरून तारा बसवल्या, काठी एकदम सरळ. इथला जुना नावाडी विचारतोय, हा माणूस कोणत्या गोदीत शिकला?

बाबांनी कार्ड दोनदा वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. “गोदी पाहिलेली नाही,” त्यांनी लिहिलं, “मुक्काम जयपूर.” मग हवापाणी, तब्येत, मंडळाची खबर आणि तारांना तेल द्यायच्या सूचना लिहून कार्ड भरलं. आईला खाली दोन ओळी घालायच्या होत्या: तिकडं सुकाणू कोण धरतं, आणि नीट धरतं का. जागा उरली नव्हती. तिनं बाबांना दुसरं कार्ड आणायला पोस्टात पाठवलं.