सोळाचा दोरा

उदगीरची निर्मलामावशी कुणाकडेही गेली की आधी पाणी मागायची आणि मग पर्समधून दोरा काढायची. समोर टरबूज असो, तांब्या असो की माझं डोकं, त्याला दोरा गुंडाळून पट्टीवर धरायची आणि आत किती मावेल ते सांगायची. जन्मभर शाळेत भूमिती शिकवलेली. "वरून दोरा फिरतो रे, पोटातलं गणितानंच कळतं," म्हणायची. माझ्या डोक्याचं घनफळ काढून एकदा म्हणाली, "जागा लई हाय सुध्या. सामान कमी."

माझ्या लेकीच्या लग्नात बुंदीचं माप तिच्याकडंच होतं. सहाशे पानं, सहाशे लाडू, प्रत्येकाचा घेर सोळा सेंटिमीटर. आचाऱ्यानं तेवढीच बुंदी पाडली. मावशी नवरीजवळ गेली आणि मी लाडू वळणाऱ्या बायकांना सांगितलं, "हात आखडू नका. पाहुणे लातूरचे आहेत, लाडू दिसला पाहिजे!" मुलीचा बाप म्हणून तेवढा एकच हुकूम मी दिला.

दहाच्या सुमारास परात खरवडल्याचा आवाज आला. बुंदी संपली होती आणि लाडू झाले होते तीनशे सात. त्यातच वऱ्हाडाच्या बसनं जवळचं नळेगाव सोडल्याचा फोन आला.

मावशी धावत आली. एका लाडवाला दोरा गुंडाळला. "वीस! कुणी सांगितलं?"

मी मांडवाच्या झालरी न्याहाळू लागलो. "चार सेंटिमीटरनं काय होतंय मावशी?"

"चार दोऱ्यावर, येड्या! लाडू लांबीत वाढतो, रुंदीत वाढतो, उंचीतबी वाढतो. सोळाचे वीस म्हंजे सव्वापट. सव्वाला सव्वानं गुण, परत सव्वानं गुण. एकात दोन लाडू घातलेस तू."

नवी बुंदी वेळेत होणार नाही, म्हणून आचाऱ्यानं हात वर केले. "मग हेच फोडा," मावशी म्हणाली. थोरली आत्या पुढं आली. "लग्नाचा लाडू फोडायचा? शुभकार्यात असलं न्हाई चालत."

कुणी हलेना. मावशीनं हातातला लाडू परातीत दाबून फोडला. "अर्धी पंगत लाडवावाचून उठली, तर ते शुभ हाय का?"

तिनं सोळावर गाठ मारून दोऱ्याचं कडं केलं. "ह्यातून जाईल तोच लाडू." आचाऱ्यानं गरम पाक शिंपडला. आधी आत्याच मांडी घालून बसली, मग बाकीच्या, आणि नव्या रेशमी सदऱ्यात मीसुद्धा. व्याही दारात आले तेव्हा माझे हात पाकात होते. नमस्कार कोपरांनी केला.

शेवटच्या पंगतीआधी मोजणी झाली. पाचशे सत्त्याण्णव. मावशीनं फक्त माझ्याकडे पाहिलं.

"चव बघितली," मी म्हणालो.

"मग तू, मी आन् आचारी बिनलाडवाचं जेवू."

यंदा मावशी गेली. तिच्या पर्समध्ये ते कडं तसंच होतं, पाकानं कडक झालेलं. तेराव्याच्या सकाळी मी ते घेऊन परातीशी बसलो. एक लाडू त्यात अडला.

"राहू दे दादा," तिची लेक म्हणाली. "आज कोण मापतंय?"

मी तो फोडला आणि परत वळला.